रुपयातले आठ आणे स्पीकरला

सप्ताहातल्या पहाटेच्या काकड्याला, कर्णे अजून सुरू व्हायचे असतात तेव्हा, देवळाच्या पायरीवर डोळे मिटून बसलं तरी दहा-बारा टाळकऱ्यांत कोणाचा टाळ जड आहे आणि कोणाचा हलका हे कळतं. मृदंगाची कणीक लावलेली बाजू घुमते, शाईची बाजू कडकते, आणि दोन्ही वेगवेगळ्या ऐकू येतात. तेच भजन घरी टीव्हीवर लावलं की सगळ्या टाळांचा मिळून एकच ‘छस्स’ होतो आणि मृदंगातला घुमारा गायब होतो. मग कोणीतरी सांगतं, हाय-रेझोल्युशनची डिस्क आणा, तिच्यात स्टुडिओतला आवाज जसाच्या तसा असतो. महागाची डिस्क येते, लागते, आणि टाळ पुन्हा ‘छस्स’च वाजतात. डिस्कवर आवाज आहे, तर मग तो वाटेत कुठे राहतो?

परळीहून तेलगावमार्गे बीडकडे जाताना सिरसाळा लागतं. परळी तालुक्यातलं हे मोठं गाव. इथल्या एखाद्या घरात अशा डिस्क ऐकण्याजोगी यंत्रणा उभी करायची, तर काय असेल? दहा बाय बाराची स्लॅबची खोली, खाली फरशी, वर पंखा, कमी-जास्त होणारी वीज आणि फार तर तीस हजार रुपये. एवढ्यात चांगलं ऐकता येतं, याबद्दल मला शंका नाही. पैसे चुकीच्या जागी मात्र जाता कामा नयेत.

डिस्कवर असतं काय

आवाज म्हणजे हवेच्या दाबातली चढउतार. मायक्रोफोन तिचं विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. साध्या सीडीसाठी ही वीज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पातळ्यांपैकी एकीवर बसवतात. हीच १६ बिटांची मोजणी. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून हे माप ठरवलं आणि १९८२ मध्ये सीडी बाजारात आली.

४४,१०० हा आकडा कानाच्या हिशोबाने आला आहे. तरुण, निरोगी माणसाला सेकंदाला साधारण २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. वय वाढेल तशी ही मर्यादा खाली सरकते. एखादं कंपन त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने मोजलं, तर ते पूर्णपणे परत उभं करता येतं, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. दोन मोजण्यांच्या मधला आवाज सुटून जातो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. २०,००० च्या आतलं कंपन दोन ठिपक्यांच्या मध्ये वाटेल तशी वळणं घेऊच शकत नाही. त्या सगळ्या ठिपक्यांतून जाणारी, त्या मर्यादेतली रेषा एकच असते आणि प्लेअर तीच रेषा पुन्हा काढतो.

हाय-रेझोल्युशन डिस्क यापुढे जातात. १९९९ मध्ये आलेल्या सुपर ऑडिओ सीडीत मोजणीची पद्धतच वेगळी आहे. तिच्यात बिट एकच, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा. म्हणजे प्रत्येक वेळी फक्त ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढीच नोंद होते. पुढच्याच वर्षी आलेल्या डीव्हीडी-ऑडिओत २४ बिट आणि सेकंदाला १,९२,००० पर्यंत मोजण्या बसतात. ब्लू-रे डिस्कवरही तेवढंच मावतं.

सुपर ऑडिओ सीडीची एक करामत मला फार आवडते. तिच्यातल्या हायब्रिड प्रकारात एकाच डिस्कमध्ये दोन थर असतात. सीडी वाचणाऱ्या लेझरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, तर दाट थर वाचणाऱ्या लेझरची ६५०. दाट थर डिस्कच्या जाडीच्या मध्यावर असतो. ६५० च्या किरणाला तो परत फिरवतो आणि ७८० च्या किरणाला आरपार जाऊ देतो. त्यामुळे साध्या सीडी प्लेअरचा किरण त्यातून पार होऊन वरच्या सीडीच्या थरापर्यंत पोचतो आणि ती डिस्क जुन्या प्लेअरवरही वाजते. हायब्रिड डिस्क घेतली आणि तिचा प्लेअर अजून घेतला नसला, तरी काही वाया जात नाही.

मोठे आकडे आणि फिरता पंखा

बिट वाढले की बारीक आणि मोठ्या आवाजातलं अंतर जास्त टिपता येतं. १६ बिटांत हे अंतर सुमारे ९६ डेसिबल, २४ बिटांत कागदावर १४४. आता आपली खोली बघा. पंखा फिरत असला की खोलीतच चाळीस ते पन्नास डेसिबलची पार्श्वभूमी असते. रात्री सगळं बंद केलं तर ती तिसाच्या आसपास उतरते. घरात कितीही मोठ्याने लावलं तरी आवाजाची टोकं शंभराच्या पुढे सहसा जात नाहीत. म्हणजे वापरता येण्यासारखं अंतर पन्नास ते सत्तर डेसिबलचं. सीडीचे ९६ त्याला पुरून उरतात. २४ बिटांचा खरा उपयोग स्टुडिओत होतो. तिथे गायक अचानक किती चढेल हे माहीत नसतं, म्हणून वर-खाली मोकळी जागा सोडावी लागते.

२००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी एक चाचणी प्रसिद्ध केली. हाय-रेझोल्युशन डिस्कचा आवाज एकदा थेट आणि एकदा मध्ये सीडीच्या मापातून काढून ऐकवला. कोणता कोणता, ते ऐकणाऱ्यांना सांगितलं नव्हतं. ५५४ वेळा विचारून बरोबर उत्तरं निम्म्याच्या आसपास आली. नाणं उडवूनही तेवढीच आली असती. पुढे अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या एका अभ्यासात फरक ओळखण्याचं प्रमाण निम्म्याहून किंचित जास्त निघालं. किंचितच.

मग या डिस्क विकत घ्याव्यात का? मी म्हणेन, निवडून घ्याव्यात. त्याचं कारणही मेयर आणि मोरन यांनीच नोंदवलं आहे. या डिस्कवरची ध्वनिमुद्रणं बहुतेक सीडींपेक्षा चांगलीच वाजत होती, पण ती आकड्यांमुळे नव्हे, मुळात जास्त काळजीने केलेली होती म्हणून. १९९० नंतरच्या कितीतरी सीडींमध्ये आवाज मोठा वाटावा म्हणून सगळ्या पातळ्या दाबून एका उंचीवर आणल्या आहेत. टाळाचा पहिला ठोका आणि मागे रेंगाळणारा झंकार यांच्यातलं अंतर त्यात चेपलं जातं. हाय-रेझोल्युशन डिस्क काढणारे सहसा असं करत नाहीत. त्यांचं गिऱ्हाईक कान देऊन ऐकणारं असतं.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्वांच्या त्या काळच्या मुद्रणांत वरच्या पट्ट्यातली कंपनं मुळातच फारशी उतरलेली नाहीत. मोजण्या कितीही वाढवल्या तरी जे उतरलं नाही ते येणार नाही. त्यांच्यासाठी खरखर जपून साफ केलेली साधी सीडी पुरे. दुसरं म्हणजे आपले अभंग, नाट्यपदं, भावगीतं सुपर ऑडिओ सीडीवर सहज मिळत नाहीत. तिथली बरीचशी यादी पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझची आहे. विश्वमोहन भट्ट आणि राय कूडर यांचं १९९३ चं ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ त्या रूपात निघालं, पण असे अपवाद थोडे. म्हणजे सिरसाळ्यातल्या या घरात दहातल्या नऊ वेळा साधी सीडीच वाजणार. यंत्रणा तिला न्याय देणारी हवी.

विहिरीवरची मोटार आणि एक इंची पाइप

विहिरीवर पाच एचपीची मोटार बसवली, दोन-अडीच इंची पाइपलाइन केली, आणि मध्ये एका जोडाला एक इंची तुकडा टाकला, तर टोकाला पाणी त्या एक इंचीतून मावेल तेवढंच पडतं. मोटार दहाची केली म्हणून काही फार फरक पडत नाही. आवाजाच्या वाटेवर असे चार टप्पे आहेत: प्लेअर, ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि खोली. यातला एक इंची तुकडा कुठला, ते आधी शोधायला हवं.

बऱ्यापैकी प्लेअर आवाजात जी भेसळ करतो ती एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. चांगल्या ॲम्प्लिफायरची एक दशांश टक्क्याच्या आत. स्पीकर मात्र खर्जात सहज एक-दोन टक्के आणि मोठ्या आवाजात त्याहून जास्त भेसळ करतो, शिवाय काही सूर तीन डेसिबल वर आणि काही तीन डेसिबल खाली ठेवतो. आणि खोली? खर्जातला एखादा सूर ती दहा-पंधरा डेसिबलनेही फुगवते किंवा गिळून टाकते. भेसळ शेवटच्या दोन टप्प्यांत आहे आणि बाजारात सगळा बोलबाला पहिल्याचा आहे.

म्हणून माझा हिशोब असा: रुपयातले आठ आणे स्पीकरला, चार आणे ॲम्प्लिफायरला, दोन आणे प्लेअरला आणि दोन आणे खोली-विजेला. तीस हजारांत हे पंधरा हजार, साडेसात हजार आणि दोन वेळा पावणेचार हजार होतात. या पैशांत सगळं नवं येणार नाही. प्लेअर आणि ॲम्प्लिफायर वापरलेले घ्यावेत, स्पीकर नवे किंवा ऐकून घेतलेले जुने. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सची जुनी बाजारपेठ आहे. एखाद्या कामाने जाणं झालं तर तिथे अर्धा दिवस काढण्यासारखा आहे.

दोनच स्पीकर, पण धडाचे

तेवढ्याच पैशांत पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर असा ‘होम थिएटर’चा संच मिळतो आणि तोच भरल्यासारखा दिसतो. घेऊ नका. पैसे सहा जागी वाटले जातात. दोन-तीन इंची स्पीकरला खालचे सूर काढता येत नाहीत, म्हणून ते सबवूफरकडे ढकललेले असतात. दोघांच्या मध्ये जी पोकळी राहते, नेमका तिथेच मृदंगाचा भरीवपणा आणि पुरुषी आवाजाची छाती असते. त्याऐवजी दोनच बुकशेल्फ स्पीकर घ्यावेत, प्रत्येकात खालच्या सुरांसाठी पाच ते साडेसहा इंची वूफर आणि वरच्या सुरांसाठी एक इंचाचा ट्वीटर असलेले.

दुकानात ऐकवायला लावतात ती धडधडणारी गाणी ऐकू नका. आपली सीडी न्या. माझ्या मते पहिली परीक्षा तानपुऱ्याची. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून जवारी साधतात. तार त्या घोडीला घासत कंपते आणि एका सुरातून वरच्या सुरांची अख्खी ओळ निघते. चांगल्या स्पीकरवर प्रत्येक तार छेडल्यावर ती ओळ उलगडत जाताना आणि पुढच्या तारेत मिसळताना कळते. वाईट स्पीकरवर तिचा सपाट गुंजारव होतो. दुसरी परीक्षा टाळांची: एकेक टाळ सुटा ऐकू येतो का? तिसरी, आपल्या ओळखीच्या गळ्याची. अंबाजोगाईच्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात दरवर्षी चांगले गायक येतात. तिथे समोर बसून ऐकलेला आवाज कानात असला, की स्पीकर खोटं बोलतोय का ते चटकन ओळखू येतं.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत ‘पीएमपीओ’ या चार अक्षरांपासून दूर राहा. खोक्यावरचे दोन-दोन हजार वॅट त्या हिशोबाने लिहिलेले असतात आणि त्यांना कसलंही ठरलेलं माप नाही. ‘आरएमएस’ वॅट बघावेत. स्पीकरच्या मागे ८७ डेसिबल असं काही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, एक वॅट दिला की एक मीटरवर तेवढा आवाज येतो. शक्ती दुप्पट केली की फक्त तीन डेसिबल वाढतात. दहा बाय बाराच्या खोलीत गप्पांपेक्षा मोठा आवाज एका वॅटवरच येतो. बाकीचे वॅट ठोक्यांसाठी राखीव. दर बाजूला तीस-चाळीस खरे वॅट पुष्कळ झाले.

वायरीवर जास्त पैसे घालवू नका. घराच्या वायरिंगला वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाच मीटरपर्यंत उत्तम चालते. तिचा येण्याजाण्याचा मिळून रोध ओहमच्या आठव्या भागाइतका, आणि स्पीकरचा सहा ते आठ ओहम.

चौकट: जुना प्लेअर घेताना

• सुपर ऑडिओ सीडी वाजवणारा सर्वांत स्वस्त प्लेअर म्हणजे बहुधा सोनीचा जुना ब्लू-रे प्लेअर. बीडीपी-एस ६७०० आणि यूबीपी-एक्स ७०० हे दोन्ही ती वाजवतात. इतर मॉडेलवर ‘सुपर ऑडिओ सीडी’चं चिन्ह बघावं.
• मागची भोकं बघा. अशा बऱ्याच प्लेअरना लाल-पांढऱ्या पिना नसतात, एचडीएमआयच असतं. मग ॲम्प्लिफायरही एचडीएमआय घेणारा, म्हणजे एव्ही रिसीव्हर लागतो.
• सुपर ऑडिओ सीडीचा दाट थर ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल वायरीतून पूर्ण दर्जाने बाहेर पडू देत नाहीत. ही नक्कल रोखण्यासाठीची अट आहे, प्लेअरचा बिघाड नव्हे.
• एक साधी सीडी, एक डीव्हीडी आणि एक हायब्रिड डिस्क बरोबर नेऊन तिन्ही शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवून घ्या. लेझर म्हातारा झाला की आधी कडेची गाणी अडखळतात.

खोली: सगळ्यात स्वस्त सुधारणा

खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. मागून ‘झिर्रर्र’ असं काही ऐकू आलं, तर आवाज दोन उघड्या भिंतींमध्ये इकडून तिकडे आपटतोय. टाळांचा ‘छस्स’ होण्यात याचा मोठा हात असतो. पहिला झंकार विरण्याआधी भिंतीवरून आलेले त्याचे पाच-सहा पडसाद त्याच्यावर चढतात.

खर्जाचं दुखणं निराळं. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. ज्या सुराची अर्धी लाट बरोबर खोलीच्या लांबीएवढी आहे, तो सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतो. हिशोब केला तर हा सूर ४७ कंपनांचा निघतो. दहा फुटांच्या रुंदीला ५६ चा. आणि स्लॅब दहा फुटांवर असला तर उंचीलाही ५६ चाच. दोन्ही एकाच सुरावर येतात आणि त्याला दुप्पट बळ मिळतं. मग खर्ज एकाच सुरावर घुमतो आणि दोष मात्र स्पीकरला दिला जातो. जुन्या माळवदाच्या घरात हे कमी होतं. तिथल्या जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, कोनाडे आणि उंचसखल पृष्ठभाग आवाजाला शोषतात आणि विखरतात. घरात अजून अशी खोली शिल्लक असेल, तर यंत्रणा तिथेच मांडा.

स्लॅबच्या खोलीत काय करायचं? बसण्याच्या जागेसमोर जाड सतरंजी. स्पीकरच्या बाजूच्या भिंतींवर, जिथून आवाज उसळून कानाकडे येतो तिथे, वाकळ किंवा जाड गोधडी, भिंतीपासून चार बोटं सोडून. भिंतीला चिकटलेल्या गोधडीपेक्षा सुटी टांगलेली जास्त शोषते, कारण हवेचे कण भिंतीलगत जवळजवळ स्थिर असतात आणि भिंतीपासून थोडं दूर जास्त हलतात. हलणाऱ्या कणांनाच कापडाचं घर्षण अडवतं. गाद्यांची चवड रिकाम्या कोपऱ्यात रचली, तर खर्जाचा फुगवटाही थोडा उतरतो. या सगळ्याला पैसा जवळजवळ लागत नाही.

मांडणीही फुकटची सुधारणा आहे. दोन स्पीकर आणि तुम्ही असा समान बाजूंचा त्रिकोण करा. स्पीकर मागच्या भिंतीपासून किमान फूट-दीड फूट पुढे घ्या. कोपऱ्यात किंवा टीव्हीच्या कपाटात कोंबले की खर्ज फुगतो. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा. गादीवर बैठक मारून ऐकत असाल तर ही उंची अडीच फुटांच्या आसपास येते, त्यामुळे बाजारातले उंच स्टँड उपयोगाचे नाहीत. विटांचे दोन खांब आणि वर कडाप्प्याचा तुकडा, एवढं पुरतं. आणि स्वतः खोलीच्या बरोबर मधोमध बसू नका. तिथे ४७ चा तो सूर जवळजवळ नाहीसा होतो.

वीज

परळीचं औष्णिक केंद्र शेजारी असलं, तरी गावातला दाब शेतीपंप सुरू-बंद होतात तसा हलतो. साधा स्टॅबिलायझर लावा. सगळी उपकरणं एकाच बोर्डातून, तीन पिनांनी जोडा. वेगवेगळ्या सॉकेटांतून जोडली की त्यांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक राहतो, तो सिग्नलच्या वायरीतून वाहतो आणि स्पीकरमधून सतत ‘हुं…’ असा ५० कंपनांचा गुणगुणाट येतो. अर्थिंगच नसेल तर आधी वायरमनकडून ते करून घ्या. मीठ-कोळशाचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओता. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर त्यावर ॲम्प्लिफायर चालवला की आवाजात भुणभुण मिसळते. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर ती जवळजवळ नसते. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की पिना काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून वीज अडत नाही.

विजेइतकीच काळजी धुळीचीही घ्यावी लागते. डिस्क पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. सीडीवरची माहिती विखरून लिहिलेली असते. त्यामुळे रेघ आडवी गेली तर सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची खोट प्लेअर आजूबाजूच्या माहितीवरून पूर्ण भरून काढतो. गोल पुसताना पडलेली रेघ वाचनाच्या वाटेवरूनच लांबवर धावते, ती त्याला भरता येत नाही.

फरक स्वतः तपासा

सगळं मांडून झाल्यावर एक हायब्रिड डिस्क घ्या. घरातल्या कोणाला तरी प्लेअरच्या सेटिंगमधून कधी सीडीचा थर, कधी दाट थर लावायला सांगा. कोणता लावला ते तुम्हाला कळता कामा नये, आणि टीव्हीचा पडदा झाकलेला हवा. दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्या. एक डेसिबलने मोठा असलेला थरही कानाला ‘चांगला’ वाटतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात. पंधरा-वीस वेळा उत्तर लिहून काढा आणि मग जुळवा. ओळखता आलं, तर दोन्ही थर वेगळे मिक्स केलेले नाहीत ना, हे दुसऱ्या दोन-तीन डिस्कवर पुन्हा पाहा. तिथेही ओळखता आलं तर पुढच्या डिस्कवर खुशाल पैसे घाला. नाही आलं, तर तेच पैसे साठवून स्पीकरची पुढची जोडी घ्या. कपाटातल्या प्रत्येक सीडीला तिचा उपयोग होईल.